तपासणीची बोअर

प्रमिला अक्कांच्या विहिरीत बादली सोडली की पाण्याआधी पेट्रोलचा वास वर येतो. म्हणून त्यांची सगळी वस्ती टँकरचं पाणी पिते. विहिरीपासून शंभर पावलांवर नवलभाऊंचा पेट्रोलपंप आहे. त्याची जमिनीतली टाकी गळते का, हे कळावं म्हणून आवारात तपासणीची बोअर घेतली आहे. तिच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला मी नेते.

या खेपेला मी येण्याआधी फोन केला, तिथेच चुकले.

नवलभाऊंनी स्वतः झाकण उघडून दिलं. "घ्या मॅडम. पाणी बघा, आरशासारखं!"

खरंच तसं होतं. वास नाही, तवंग नाही. गेल्या महिन्यात याच पाण्यावर तेलाचे रंग तरंगत होते, आणि त्यानंतर पंपावर साधी कुदळ लागल्याचीही खूण नव्हती. मला राहवेना. टँकरच्या पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली आहे का, हे बघायचे थेंब पिशवीत होते. ते मी नमुन्यात टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"नवलभाऊ, जमिनीखालच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर कोणी टाकली?"

ते मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

कुंपणापलीकडे प्रमिला अक्का सकाळपासून रिकामा हंडा घेऊन टँकर येण्याची वाट बघत उभ्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्या पुढे आल्या. बोअरच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तरीच आज टँकर आमनी वस्तीमा उना नही!"