उशाजवळची भिंत

मिस्त्रीची मुलगी महिनाभराच्या तापातून उठली आणि विश्रांतीला माहेरी आली. घर जुनं, दगडी. पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापायची, पंखा लावला तरी झळाच यायच्या. शेवटी मिस्त्रीने भिंतीला आतून थर्माकोलचे जाड तक्ते बसवायला घेतले.

"बाबा, भर उन्हाळ्यात घराला स्वेटर घालताय होय?" मुलगी खाटेवरून हसली.

"तू पडून राहा. अंगात जीव येऊ दे आधी."

त्याने तापमान मोजायची बंदूक भिंतीवर फिरवली. सगळीकडे शेहेचाळीस अंश. फक्त मुलीच्या उशाजवळ वीतभर जागेत सदतीस. ओल असेल म्हणून त्याने हात लावून पाहिला. दगड कोरडा ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा तक्ता बसला. खोली अशी निवली की मिस्त्रीला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याने पुन्हा बंदूक फिरवली. तक्त्यांवर सगळीकडे एकोणतीस, उशाजवळ मात्र सदतीसच. त्याने तिथला तक्ता उचकटला. मागे नुसता दगड होता, आणि तोही सदतीस.

बंदूक बिघडली असेल म्हणून त्याने ती स्वतःच्या कपाळावर धरली. आकडा बरोबर आला: सदतीस, धडधाकट माणसाच्या अंगाचा.

"आता किती गार वाटतंय, बाबा," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली.

"ताप नाही ना परत?" असं म्हणत त्याने सहज तिच्या कपाळावर बंदूक धरली.

एकोणतीस.