टॉवरखालची खोली

गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसला आणि नावड्याच्या कमळाकर आबांनी त्याच्या किरणांचा धसकाच घेतला. लकव्याने अंथरुणाला खिळलेला माणूस. शेवटी कुंदनने तळोज्याच्या आपल्या कंपनीतून लहरी अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या काळ्या शीट आणल्या आणि बापाच्या खोलीला छत, भिंती, दार, खिडकीसकट ठोकून दिल्या.

"असा पोरगा भेटायला नशीब लागतं," आबा येईल त्याला सांगायचे.

आज मात्र ते उशाजवळचा मोबाईल चाचपत म्हणाले, "नमिताचा एक फोन नाय रं आला. कुवेतला जाऊन बापाला इसरली. घर तुझ्या एकट्याच्या नावावर करून टाकू."

"तुमी मनाला लावून घेऊ नका, आबा. मी हाय ना." कुंदनने त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर येऊन दार लावलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"दादा, आबांचा फोन लागतच नाही रे. बरे आहेत ना?"

"त्यांना तुझ्याशी बोलायचंच नाय, नमिता. परत करू नको."

मग कंपनीत माल तपासताना करायचा तसा त्याने दाराबाहेरून आबांचा नंबर लावून पाहिला. लागला नाही. शीट पास.