मधला चेंडू

"अहो!" उत्तरा ओरडली, आणि चेंडू दोघा नवराबायकोंच्या मधून सुळकन गेला तो थेट मागच्या जाळीवर.

नेटपलीकडून रतनराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "काय वहिनी, मला हाक मारलीत?" त्यांची बायको सरोज खो खो हसत सुटली. शहाडहून मुद्दाम खेळायला आलेली ही जोडी, दोघंही मुरलेले खेळाडू. मधल्या चेंडूवर उत्तरा आणि तिच्या नवऱ्याची फजिती होते हे रतनरावांनी पहिल्याच गेममध्ये ओळखलं होतं. आता गडी दुसरीकडे चेंडू टाकायलाच तयार नव्हता.

त्र्यंबक बायकोजवळ आला. "अगं, मधे आला की ओरडायचं. तुझा की माझा, एवढंच."

"ओरडले ना!"

"अहो म्हणून? इथे प्रत्येक जण कुणाचा तरी अहोच आहे. नाव घे माझं."

"आई बसल्यात," उत्तरा ओठातल्या ओठात म्हणाली.

आई, म्हणजे सासूबाई, कडेच्या बदामाखाली खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. नऊवारी चापूनचोपून नेसलेली, हात मांडीवर. तोंडावरून काही कळेल तर शपथ! बावन्न साल उजाडलं होतं, पण कल्याणच्या त्या रेल्वे कॉलनीत बायकांची मजल कोर्टाकाठी चहा पिण्यापर्यंतच गेली होती. सून रॅकेट घेऊन सकाळी सकाळी नवऱ्यामागे जाते, हे कानावर आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "रविवारी येते. बघते काय खेळ आहे तो. मग सांगते." आणि त्यांनी एकदा सांगितलं की त्या घरात पुढे कुणी बोलत नसे. त्र्यंबक तर नाहीच नाही.

उत्तराला खेळ सोडायचा नव्हता. महिन्याभरापूर्वी ती रॅकेट कालथ्यासारखी धरत होती आणि चेंडू कुंपणापलीकडच्या बाभळीत जात होते. मग एके दिवशी एक चेंडू कसा कोण जाणे, नेमका रॅकेटच्या तारांच्या मधोमध बसला. हातातून खांद्यापर्यंत काहीतरी लख्ख गेलं. दुसऱ्या चेंडूसाठी ती धावली, आणि धावताना तिच्या लक्षात आलं की परकर सुटून साडी आल्यापासून आपण धावलेलोच नाही. आता हे कुणी काढून घेतलं तर आपण भांडणार नाही, नुसतं मुकाट्यानं वाळत जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"रतन, तुझा!" पलीकडे सरोज ओरडली. सासूबाईंनी मान वळवून बदामाच्या खोडाकडे पाहिलं. नवऱ्याला नावानं, वर अरेतुरे! उत्तरानं ते पाहिलं.

आणखी एक पॉइंट गेला की सेट गेला. रतनरावांनी सर्व्हिस केली. त्र्यंबकानं परतवली, सरोजनं चेंडू मारला, उत्तरानं कसाबसा उचलला. पदर कमरेला खोचलेला, कॅनव्हासच्या बुटांत लाल माती गेलेली. चेंडू पुन्हा पलीकडे. रतनराव मागे सरकले, रॅकेट खाली नेली आणि चेंडू असा काही उंच उडवला की तो खाली यायला तयारच होईना.

उतरू लागला तो बरोब्बर मधे.

त्र्यंबक वर बघत डावीकडून धावत निघाला. उत्तरा उजवीकडून. चेंडू तिचा होता. तिच्या हाताला तो आधीच कळला होता. पण हा मनुष्य थांबत नव्हता. आणखी चार पावलं, की दोघांची डोकी एकमेकांवर आपटणार आणि कोर्टावर हसं होणार. अहो म्हणावं तर उपयोग नाही. त्र्यंबक म्हणावं तर ती जोडाक्षरं जिभेवर येतायत कुठं! आणि तिच्या तोंडून निघालं ते त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जे तिच्या कानावर पडत असे तेच, तशाच चढ्या आवाजात:

"बाळ, सोड!"

त्र्यंबक जागच्या जागी खिळला. बत्तीस वर्षांची सवय! उत्तरानं चेंडू डोक्यावरून खाली हाणला. तो सरोजच्या पायाशी आपटून उसळला आणि पार कुंपणापर्यंत गेला. सरोजनं रॅकेट हलवलीसुद्धा नाही.

कुणीही टाळी वाजवली नाही. रतनरावांचा आ वासलेला तसाच राहिला. उत्तराचे कान तापून लाल झाले. नाव घेतलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण हे आईनं मारायच्या हाकेनं, आणि वर सोड! रॅकेट आत्ताच जमिनीवर ठेवून घरी चालू लागावं असं तिला वाटलं. बदामाकडे बघायचा तिला धीर होईना.

त्र्यंबक मात्र तिकडेच बघत होता. शाळेत मार्क कमी पडल्यावर बघत असेल तसा, हात लोंबते सोडून, आई काय म्हणते याची वाट बघत.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. निऱ्या झटकल्या. मुलाकडे चांगलं रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "हाक तिनं मारलीय."