गुरुवारचं हैदराबाद

"गुरुवारी नाय," आप्पासाहेब म्हणाले. "शनिवारी निघू. नाय तर पुढच्या आठवड्यात."

शिवराजनं मोबाइल टेबलावर आपटला. रेल्वेची तिकिटं गुरुवारची होती. म्हाताऱ्यासाठी खालचा बर्थ मिळाला होता. चारमिनारजवळ लिफ्ट असलेलं हॉटेल शोधलं होतं. एक दिवस सालारजंग संग्रहालय, एक दिवस बाकीचं, रविवारी परत संभाजीनगर. ऐंशी ओलांडलेल्या बापाला झेपेल असंच सगळं त्यानं आखलं होतं.

"जन्मभर हैदराबाद हैदराबाद करत होतात. आता नेतोय तर नखरे."

"नखरे कोण करतंय? गुरुवारच का, तेवढं सांग."

"मला दुकान तेव्हाच बंद ठेवता येतं."

"खताचं दुकान? पेरणीच्या तोंडावर?"

स्वयंपाकघराच्या दारात मंजुषा उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "सांगा की त्यांना," ती म्हणाली. "का गुरुवार ते."

"तू मधी पडू नको."

शुक्रवारी त्यांच्या लेकीचं, प्रेरणाचं लग्न होतं. विवाह नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. आकाश आणि ती एकाच कंपनीत कामाला होते. त्याचं घर बौद्ध, यांचं घर दौलताबादकडचं जमीनदार मराठा. हिवाळ्यात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आप्पासाहेब भरल्या ताटावरून उठले होते. महिनाभर नातीशी बोलले नव्हते. त्यानंतर पुंडलिकनगरच्या या घरात त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढला नाही. शेवटी शिवराजनंच तोड काढली. शुक्रवारी तो बापाला घेऊन हैदराबादेत असेल. मुलीच्या पाठीशी मंजुषा आणि तिचा भाऊ उभे राहतील. परत येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल, मग म्हातारा किती का आदळआपट करेना. पोटच्या पोरीच्या लग्नाला आपण मुकणार, हे त्यानं मंजुषाला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. ती एकदाही 'अरेरे' म्हणाली नव्हती.

"हे बघा आप्पा," शिवराजचा आवाज चढला, "तुमच्या या हट्टापायी आई कुठं गेली नाही. किल्ला रोज अंगणातून दिसायचा. तो चढून बघायचं तेवढं मागत होती, तेही तुम्ही केलं नाही. तशीच गेली बिचारी."

"तिचं नाव घेऊ नको."

"का नको? तुमच्यासारख्या माणसाला कुठं न्यायचं म्हणजे माझंच डोकं फिरलं होतं. नसेल यायचं तर गावाकडं सोडतो तुम्हाला. राहा तिथं एकटे. करा हातानं भाकरी."

"कधी सोडणार?"

"गुरुवारी."

आप्पासाहेब हसले. त्या हसण्यात माया नव्हती.

"म्हणजे गावाला सोडायचं तरी गुरुवारीच," ते म्हणाले. "शिवराज, पोरीचं लग्न शुक्रवारी हाय. मला ठाव हाय."

शिवराजनं मंजुषाकडं वळून बघितलं. "तू सांगितलंस?"

"तिनं नाय सांगितलं. साहेबराव आले होते. आकाशचा आजा. तू दुकानात होता. रिक्षानं आले, जिना चढताना दम लागला त्यांला. माझ्याच वयाचा माणूस. म्हणाले, तुम्हाला पटलं नसंल, पण घरातल्या मोठ्या माणसाला सांगितल्याबिगर आमच्यात बी कार्य करत नाहीत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पटलं नाय म्हणालो. खोटं कशाला बोलू? अजून बी नाय पटलं. मग दोघांनी चहा घेतला."

"तेच तर मी म्हणतोय." शिवराजला एकदम हुरूप आला. "शुक्रवारी तिथं चार लोकांत तुम्ही असंच बोलला असता. पोरीच्या तोंडावर. तमाशा नको म्हणून मी माझ्या पोरीच्या लग्नावर पाणी सोडलं. तुमच्यापायी."

"माझ्यापायी?" आप्पासाहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायचा प्रयत्न केला. मंजुषा पुढं झाली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. ते उभे राहिले. "मला सांभाळायला मंजुषाचा भाऊ चालला असता. तुझा साडू चालला असता. तिकीट तू काढलं ते तुझ्याच नावाचं. का? दुकानात भावकीतले लोक येतात. त्यांनी विचारलं की तुला म्हणायचंय, मी गावातच नव्हतो, म्हाताऱ्याला घेऊन हैदराबादला होतो."

हेच वाक्य शिवराजनं मनाशी घोटून ठेवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यानं मंजुषाकडं बघितलं. तिनं नजर काढून घेतली नाही. तिला हे कधीपासून माहीत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"पटत नाय, ते मी पोरीच्या तोंडावर सांगितलं," आप्पासाहेब म्हणाले. "तू तिला हसून पेढा भरवला. आन म्हाताऱ्याच्या आडून पळून चालला."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. शिवराज खुर्चीवर बसला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"मग आता काय करू?"

"तिकीट हाय ना तुझ्याकडं? जाऊन ये."

"आणि तुम्ही?"

आप्पासाहेबांनी दाराशी ठेवलेली काठी उचलली.

"तू तर मला बोलावलं नाय. साहेबरावांनी बोलावलंय. मी नवरदेवाकडून जाणार हाय."