हरकत

सौसरच्या कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, घर विकायला कोणाची हरकत आहे का. सगळ्यांच्या नजरा चंद्रकलाकडे गेल्या. त्या घरात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. तिने नुसती मान हलवली. हरकत नव्हती.

तिचा नवरा देवीदास वारला तेव्हा त्याचं मृत्युपत्र निघालं. कोर्टाच्या परवानगीने घर विकावं आणि पैसे दोघींना सारखे द्यावेत, असं त्यात होतं. एक चंद्रकला. दुसरी मालती, त्याची पहिली बायको. मूल होत नाही म्हणून त्याने तिला सोडचिठ्ठी दिली होती. पुढे चंद्रकलालाही मूल झालं नाही. विक्रीचं काम त्याने पुतण्यावर, गौतमवर सोपवलं होतं. गौतमने पांढुर्ण्याचं गिऱ्हाईक आणलं, चंद्रकलासाठी बोरगावात भाड्याची खोली पाहिली आणि परवानगीचा अर्ज केला. चंद्रकला त्याला आडवी आली नाही. दुसरीच्या जागेवर आपण बसलो, असं तिला लग्नापासून वाटायचं. तिचं तिला मिळू दे, एवढंच ती म्हणाली.

मालती रामाकोन्याहून आली होती. भावाच्या घरी राहून, लोकांच्या शेतात कापूस वेचून तिने दिवस काढले होते. तिला पैशांची गरज होती, त्यामुळे ती नाही म्हणेल असं गौतमच्या मनातही आलं नाही. पण नाव पुकारताच ती उठून उभी राहिली.

"साहेब, माही हरकत आहे."

गौतमने दचकून वळून पाहिलं. जजसाहेबांनी तिला समजावलं, घर विकलं नाही तर तुमच्या हाती काही पडणार नाही. ते समजते, ती म्हणाली. मग हरकत कशाला, त्यांनी विचारलं.

मालतीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"त्या घरातून मी निघाली होती, साहेब. कसं वाटते ते मले मालूम आहे. हिले नका काढू."

जजसाहेब मृत्युपत्र पुन्हा चाळून म्हणाले की दोघींची मर्जी असेल तर विक्री टाळता येईल, घर दोघींच्या नावावर करता येईल. मग त्यांनी चंद्रकलाला तिचं म्हणणं विचारलं.

चंद्रकला बाकावरून उठली. मालतीजवळ जाऊन उभी राहिली. तिचा हात आपल्या हातात घेतला.

"नावाचं मंग पाहू, साहेब," ती म्हणाली. "पयले ताईले घरी घेऊन जाऊ द्या."