कड्यावरची वाट

वनखात्याच्या साहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढून बाकावर ठेवली, तेव्हाच चहावाली समजली. आजही काही दिसलं नव्हतं.

"काकू, चहा टाका. जरा कडक."

मागून तिचा नवरा चढण चढून वर आला. समुद्राकाठच्या या सरकारी उद्यानातला सगळ्यात जुना वाटाड्या तो. एके काळी कोरड्या खडकावरूनही माग काढायचा. आताशा चहात पडलेली माशी दिसत नव्हती.

उद्यान देखणं होतं, यात वाद नाही. कड्याखाली निळं पाणी, वर गर्द झाडी, हरणं, वानरं, समुद्रावर घिरट्या घालणारे गरुड. पण नुसत्या देखणेपणाला आता कोणी विचारत नव्हतं. म्हणून वरून हुकूम आला होता. रानातली बिबट्याची मादी अजून असेल, तर तिला पकडून मोठ्या पिंजऱ्यात ठेवायचं, तिकीट लावायचं आणि उद्यान चालू ठेवायचं. नसेल, तर फाटकाला कुलूप. रान आहे तसं सोडून द्यायचं.

कुलूप लागलं की वाटाड्याची नोकरी जाणार, चहाची टपरी जाणार आणि टपरीमागची दोघांची खोलीही जाणार. मग दिराच्या घरी जिन्याखालची जागा आणि जाऊबाईंची तोंडं बघत उरलेले दिवस काढायचे. त्या विचारानेच चहावालीची झोप उडाली होती.

"वाट मात्र झकास ठेवलीय हं, काका," साहेब बशीत चहा ओतत म्हणाले. "पानसुद्धा नाही कुठे."

"वारा असतो ना समुद्राचा," वाटाड्या म्हणाला.

साहेब हात धुवायला गेले, तशी तिने नवऱ्याला गाठलं.

"अहो, पहाटे उठून फिरायला जाता, तेव्हा तरी काही दिसत नाही का?"

"दिसलं असतं तर बोललो नसतो?"

"मग निदान घरात बसून चार कामं करा. हा झाडू बघा. परवा आणलाय आणि आत्ताच निम्मा झिजला. दुकानदारसुद्धा मेले लबाड."

तो झाडूकडे बघून कसंनुसं हसला. लग्न झाल्यापासून त्याने कधी झाडू हातात धरला नव्हता. आपण मेलो तरी हा माणूस घरात केर साचू देईल, पण झाडू धरणार नाही, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

दुपारी शोधाची शेवटची फेरी निघाली. न राहवून तीही टपरीचं दार लोटून मागोमाग गेली. दोन डोळे जास्त असलेले बरे. वाटेत हरणांनी माना वर करून बघितलं, खाली लाटा फुटत होत्या, आणि तिला यातलं काही गोड लागेना. तिची नजर मातीत होती. ठसा नाही, केस नाही, काही नाही.

झऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर साहेब थांबले. "इकडे बघायचं का?"

"तिकडे दरड कोसळलीय, साहेब," वाटाड्या म्हणाला. "पाय घसरला तर थेट समुद्रात."

साहेबांनी खाली डोकावून पाहिलं आणि ते मागे फिरले.

फाटकापाशी जीपमध्ये बसताना त्यांनाही वाईट वाटत होतं. "उद्या सकाळी कुलूप घेऊन येतो, काकू. तोवर काही दिसलंच, अगदी एक ठसा जरी दिसला, तरी मला सांगा. तेवढ्यावरसुद्धा मी सगळं थांबवीन."

संध्याकाळभर ती सामान बांधत होती. किटली, कप, अंथरुणं. दोन गाठोडी झाली आणि संसार संपला. मग मात्र तिला रडू आवरेना.

"तुमच्या डोळ्यांनी घर घालवलं आपलं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि समुद्राकडे बघत बसला.

सकाळी तिला जाग आली तेव्हा त्याचं अंथरूण रिकामं होतं. निघण्याआधी खोली झाडून द्यावी म्हणून तिने खिळ्याकडे हात नेला, तर झाडूही जागेवर नव्हता. कपाळाला आठ्या घालत ती बाहेर आली आणि वाटेने शोधत निघाली.

झऱ्याच्या फाट्यापाशी तो पाठमोरा दिसला. कमरेत वाकला होता. हातात झाडू होता.

त्याच्या मागची वाट लख्ख झाली होती. पुढची व्हायची होती. तिथे दवाने ओल्या झालेल्या मातीत मोठे गोल पंजे उमटले होते, आणि त्यांच्या आजूबाजूला, नाचत बागडत गेल्यासारखे, बुचाएवढे इवले पंजे. दोन पिल्लांचे.

चाहूल लागून तो वळला. नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला.

फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. साहेबांनी हाक मारली, "काकू! काही दिसलं का?"

हाक पुरेल एवढ्याच अंतरावर ते होते. चहावालीने फाटकाकडे पाहिलं. मागे टपरीच्या दारात दोन गाठोडी होती, त्यांच्याकडे पाहिलं. मग ती तरातरा नवऱ्यापाशी गेली.

"इतकी वर्षं संसार केला, पण झाडू काही धरता येत नाही तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "द्या इकडे."