शेताच्या टोकापर्यंत

आयरिश नाव नुसतं कानाला गोड असून भागत नाही. अटलांटिकच्या वाऱ्यातही ते शेताच्या टोकापर्यंत पोहोचलं पाहिजे, हा आईचा हट्ट. म्हणून मी बाळाला पाजत एकेक नाव सुचवत होते आणि ती दारात जाऊन ते ओरडून बघत होती. "टाइग!" वाऱ्याने गिळलं. "फीअख्रा!" "हे म्हणेस्तोवर बटाटे गार होतील," ती फणकारली. मी धीर करून म्हटलं, "लॉर्कान?" आई थबकली. दगडी बांधापलीकडे गवत कापणाऱ्या माझ्या मामाचं ते नाव. फाटकावरून भांडल्यापासून भावाबहिणीचा अबोला होता. तिने श्वास भरून घेतला आणि हाक मारली. मामा विळा टाकून, बांध ओलांडून धावतच आला. "ताई, काय झालं?" "काही नाही, नाव तपासत होते. आलाच आहेस तर गुमान जेवून जा." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हेच ठेवू. पोहोचतं."